पाटी काय सांगते

‘‘गुरुजी, आमचे बाबा दिसत नाहीत हो.’’

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आलेला हा फोन. गणपती पोहोचवून दमलेले घर अजून आळोखेपिळोखे देत होते. पलीकडून बोलणाऱ्या काकू डोंबिवलीच्या; वय वर्षे ब्याऐंशी, माहेर महाडचे. त्यांच्या वडिलांना जाऊन अर्धशतक उलटून गेले आहे. तेव्हा ‘बाबा दिसत नाहीत’ हे वाक्य तिसऱ्या कुणी ऐकले असते, तर त्याला काकूंच्याच प्रकृतीची काळजी वाटली असती. मला मात्र त्याचा अर्थ तत्काळ कळला आणि पोटात गोळा आला.

त्यासाठी थोडे मागे जायला हवे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्या महाड शहरात शिरल्या. तळमजलेच्या तळमजले पाण्याखाली गेले. त्याच दिवशी आमच्या तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथेही दरडींनी माणसे नेली. त्या दुःखापुढे भिजलेल्या कागदांचे दुःख ते काय! पण पाणी ओसरल्यावर घराघरांतून चिखलाबरोबर फावड्याने बाहेर काढावे लागले ते लग्नाचे अल्बम, जुन्या वह्या, पोथ्या, शाळेचे दाखले. माणूस वाचला म्हणून देवाला हात जोडायचे आणि त्याच हाताने आजोबांचा फोटो कचऱ्याच्या ढिगावर टाकायचा, हे आम्ही त्या आठवड्यात अनेकदा पाहिले.

आम्ही पाचसहा सेवानिवृत्त मंडळींनी तेव्हा एक उद्योग आरंभला. जे वाचवता येईल ते मागून आणायचे, पंख्याखाली वाळवायचे आणि स्कॅन करून ठेवायचे. चवदार तळ्याचे जुने फोटो आले, बाजारपेठेचे आले, रायगडावर गेलेल्या सहलींचे आले, कुणाच्या तरी मुंजीचे आले. माझा भाचा पुण्याला संगणकाच्या कंपनीत होता. तो म्हणाला, ‘‘मामा, हे सगळं एका वेबसाइटवर ठेवू. आणि फुकटच्या जागेत, दुसऱ्याच्या नावाखाली नको. आपलं स्वतःचं नाव घेऊ.’’ वर्षाला काही शे रुपये भरले की ‘डॉट इन’ने संपणारे आपल्या पसंतीचे नाव मिळते, हे मला तेव्हा प्रथम कळले. नाव मिळाले, संकेतस्थळ सुरू झाले. मुंबई-सुरतेपासून दुबईपर्यंत पांगलेले महाडकर आणि पोलादपूरकर आपापली माणसे त्यावर शोधू लागले.

काकूंचे वडील त्यातलेच. दासगावच्या बंदरावर कारकुनी केलेला माणूस. उभ्या आयुष्यात एकच फोटो निघाला, तोही दहाबारा जणांबरोबरचा. मागची रांग, डावीकडून तिसरे, डोक्याला काळी टोपी. पुरात भिजलेला तो फोटो आम्ही स्कॅन केला आणि पंधरवड्याच्या आत मूळ कागदावरचे चित्र पापुद्र्यासारखे सुटून गेले. म्हणजे जगात उरले ते फक्त संगणकातले बाबा. दर पितृपक्षात, अष्टमीच्या तिथीला, काकूंचा नातू मोबाइलवर ते पान उघडून आजीपुढे धरतो. काकू हात जोडतात, ओळखीच्या माणसाकडे पाहावे तशा थोडा वेळ पाहतात आणि मग पान वाढायला उठतात. यंदा नातवाने आठ दिवस आधीच सहज उघडून पाहिले, तर पानच नाही.

मी माझ्या मोबाइलवर पाहिले. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ : ‘धिस साइट कान्ट बी रीच्ड’. या स्थळापर्यंत पोहोचता येत नाही. त्याखाली बारीक अक्षरांत काहीतरी अगम्य. मग मी तेच केले, जे आपण सगळेच करतो. पान पुन्हा उघडले. पुन्हा उघडले. वीस वेळा उघडले. मोबाइल बंद करून चालू केला. खिडकीशी जाऊन पाहिले. भाच्याला फोन लावला, तो लागला नाही. शेवटी कपाटातली ती काळी डबी, ज्यात आम्ही सगळ्या फोटोंची प्रत ठेवली होती, ती काढून संगणकाला जोडली. तिने दोनदा ‘टक् टक्’ केले आणि मान टाकली. चार वर्षांत मी तिला एकदाही उघडून पाहिले नव्हते! पुरातून वाचवलेले बाबा मी कोरड्या घरात, कपाटात, घालवले होते की काय?

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून मी पोलादपूरला गेलो. तिथे स्टँडजवळ माझ्या एका विद्यार्थिनीचे छोटेसे दुकान आहे. सातबाराचे उतारे, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज, लाइटची बिले, शिष्यवृत्तीचे फॉर्म, असली कामे ती करून देते. शिक्षण बी. ए.; संगणकाचे म्हणाल तर जे काही शिकली ते गिऱ्हाईक समोर उभे असताना शिकली. पण सरकारी संकेतस्थळांशी दिवसभर झुंजून तिच्या अंगी एक धीर आला आहे, जो माझ्यात तेव्हा औषधालाही नव्हता.

‘‘काय दिसतंय सर?’’

‘‘एरर आहे.’’

‘‘एरर आहे ते कळलं. लिहिलंय काय?’’

मी गप्प. खरे म्हणजे मी ते वाचलेच नव्हते.

ती हसली. ‘‘सर, वर्गात तुम्हीच सांगायचात ना, उत्तर लिहायच्या आधी प्रश्न दोनदा वाचा म्हणून? ते मशीन तुमच्यावर रागावलेलं नाही. पुढे काय झालंय ते सांगतंय फक्त.’’

मग तिने ती खालची बारीक ओळ मला वाचायला लावली. ‘डीएनएस प्रोब फिनिश्ड, एनएक्स डोमेन’. ‘‘यातलं शेवटचं महत्त्वाचं,’’ ती म्हणाली. ‘‘एनएक्स म्हणजे नॉन एक्झिस्टंट. असं नावच दप्तरात नाही, असं ते म्हणतंय. म्हणजे तुमचे फोटो गेले असं नाही. घर असेल जागेवर. घराचं नाव पुसलं गेलंय.’’

मला पहिल्यांदा जरा श्वास घेता आला.

नाव आणि घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाचकहो, या साऱ्या प्रकरणातले मर्म आहे. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे आली. अगदी सुरुवातीला, अमेरिकेत या जाळ्याचा जन्म होत होता तेव्हा, सगळ्या यंत्रांची नावे आणि आकडे एकाच यादीत असत आणि ती यादी कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत सांभाळली जाई. यंत्रे वाढली, तशी एक यादी पुरेनाशी झाली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी त्यावर तोड काढली. एकाच मोठ्या वहीऐवजी वह्यांची उतरंड. आपल्या सातबारासारखीच! राज्याला विचारा, तो जिल्हा दाखवील. जिल्हा तालुका दाखवील. तालुका तलाठ्याकडे पाठवील. आणि नेमका गट नंबर तलाठ्याच्या दप्तरात. आपण मोबाइलवर नाव टाकतो तेव्हा असेच होते. सर्वांत वर तेरा नावांनी ओळखली जाणारी मूळ दप्तरे असतात, त्यांच्या प्रती जगभर शेकडो ठिकाणी आहेत. ती सांगतात, ‘डॉट इन’ची वही अमक्याकडे. ‘डॉट इन’ची वही सांगते, या नावाचा कारभार तमक्याकडे. आणि तो तमका सांगतो घराचा आकडा. हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याआधी होते, म्हणून होते हेच आपल्याला कळत नाही. कळते ते बिनसल्यावर.

आमच्या बाबतीत उतरंडीची मधली पायरीच ‘असे नाव आमच्याकडे नाही’ म्हणत होती. विद्यार्थिनीने मग एक सोपी गोष्ट केली. नावाची सार्वजनिक नोंद काढली. कुठल्याही नावाची नोंद केव्हा झाली, मुदत केव्हा संपते, कोणत्या कंपनीमार्फत घेतले, हे कुणालाही पाहता येते. आमची मुदत अकरा दिवसांपूर्वी संपली होती.

रात्री भाच्याचा फोन लागला. उलगडा झाला तो असा. नाव त्याने घेतले होते, स्वतःच्या खात्यातून, त्या वेळच्या कचेरीचा ई-मेल देऊन. नंतर त्याने नोकरी बदलली. मुदत संपत आल्याच्या सूचना त्या जुन्या ई-मेलवर जात राहिल्या. तिथे त्या वाचायला कुणीच नव्हते. पैसे आपोआप कापले जाण्याची सोय होती, पण ते बँकेचे कार्डही बदलले होते. ‘‘मामा, चूक माझी,’’ तो म्हणाला. पण चूक त्याची कशी? फोटो गावाचे, नाव गावाचे आणि त्याचा सातबारा एका परगावच्या मुलाच्या नावावर! तीन वर्षांत आम्हां सहा म्हाताऱ्यांपैकी एकालाही विचारावेसे वाटले नाही की, बाबा रे, हे आहे कुणाच्या नावावर आणि कधीपर्यंत?

असे आपल्यासारख्यांचेच होते असे नाही. १९९९ च्या नाताळात जगभरच्या लोकांना हॉटमेलमध्ये शिरता येईना. कारण काय, तर मायक्रोसॉफ्टसारखी बलाढ्य कंपनी ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या आपल्या नावाचे पैसे भरायला विसरली होती. अमेरिकेतल्या एका प्रोग्रॅमरने ते पस्तीस डॉलर स्वतःच्या कार्डावरून भरून टाकले आणि दार उघडले! २०१५ मध्ये तर कच्छमधल्या मांडवीच्या एका तरुणाला चक्क ‘गुगल डॉट कॉम’ हे नाव बारा डॉलरना विकत घेता आले. मिनिटभरात तो व्यवहार रद्द झाला, पण मिनिटभर का होईना, झाला होता.

आमचे नाव अजून दुसऱ्या कुणाच्या हाती पडले नव्हते. मुदत संपताच नाव बाजारात येत नाही. मूळ मालकाला काही दिवसांची सवलत असते. ती किती, हे ज्या कंपनीमार्फत नाव घेतले तिच्यावर आणि नावाच्या शेपटावर ठरते. पहिले काही दिवस नेहमीच्या दराने, पुढे भारी दंडाने आणि त्यानंतर मात्र पहिला येईल त्याचे. आम्ही पहिल्या टप्प्यात होतो. भाच्याने खाते उघडले, पैसे भरले, नाव सोडवले. दरम्यान मलाही एक गोंडस ई-मेल आला होता : ‘तुमच्या नावाची मुदत संपली आहे, खालील दुव्यावर तात्काळ पैसे भरा.’ मी भरणारच होतो. विद्यार्थिनीने हात धरला. मुदत संपलेली नावे हेरून अशी खोटी बिले पाठवणारे अनेक आहेत. पैसे भरायचे ते जिथे नाव घेतले त्या कंपनीच्या स्थळावर स्वतः जाऊन. आलेल्या दुव्यावर बोट ठेवायचे नाही, हा नियम इथेही आहेच.

नाव सुटले, तरी माझ्या मोबाइलवर पाटी तीच! शेजाऱ्याच्या मोबाइलवर मात्र वेगळे काही दिसत होते. मी पुन्हा हवालदिल. तेव्हा तिने जे सांगितले ते पोलादपूरच्या माणसालाच सुचावे. ‘‘सर, पावसात आंबेनळी घाट बंद झाला की स्टँडवरचा टपरीवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, घाट बंद आहे. दुपारी घाट सुटतो. पण ह्याला कुठे कळवलेलं असतं? तो संध्याकाळपर्यंत बंदच सांगतो. तुमच्या मोबाइल कंपनीचं तसंच झालंय. एकदा विचारून घेतलेलं उत्तर ते काही वेळ लक्षात ठेवतात. ‘नाव आहे’ हे उत्तर जसं ठेवतात, तसं ‘नाव नाही’ हेही ठेवतात. वेळ झाली की पुन्हा विचारतील.’’ किती वेळ लक्षात ठेवायचे हेही त्या नोंदीतच लिहिलेले असते. आपण फक्त थांबायचे. त्या काळात अधीर होऊन सारखी नोंद बदलत राहणे हा सर्वांत मोठा गाढवपणा. तो करण्याची मला फार इच्छा झाली होती, हेही कबूल करतो.

थांबलो होतो त्या संध्याकाळी सावित्रीच्या पुलावरून एसटी येताना मनात एक जुनी गोष्ट आली. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र महाडात कुणी विसरलेले नाही. इंग्रजी अमदानीतला तो दगडी पूल पुराच्या पाण्यात खचला आणि दोन एसटी गाड्या आणि एक खासगी मोटार अंधारात नदीत गेली. पुलाला लागून असलेल्या गॅरेजमधल्या एका माणसाच्या ते ध्यानात आले आणि त्याने पुढच्या गाड्या थांबवल्या. जी वाहने गेली, त्यांच्या चालकांची चूक काय होती? रस्ता नेहमीचा होता, दिवे लागले होते, ब्रेक ठीक होते. नव्हती ती फक्त एक पाटी : पुढे पूल नाही. नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. मी आजही त्यावरून जाताना नकळत पुढे पाहतो. माणसांच्या जिवाशी संगणकाची तुलना करायची नाही, करूही नये. पण त्या संध्याकाळी माझ्या मनातला पाटीबद्दलचा राग गेला. जी पाटी ‘पुढे रस्ता नाही’ म्हणते, ती आपली शत्रू नव्हे. न सांगता खचलेला पूल शत्रू.

पुढच्या तीन दिवसांत आम्ही आणखी चार पाट्या वाचल्या. त्या क्रमाने सांगतो. कारण त्यांचा क्रम हाच त्यांचा अर्थ आहे.

ज्या भाड्याच्या जागेत आमचे फोटो ठेवलेले होते तिचेही भाडे त्याच जुन्या कार्डावरून जात असे. तेही थकले होते. भाच्याने सगळे सामान उतरवून घेतले आणि विद्यार्थिनीने ते दुसऱ्या जागेत लावले. नावाच्या नोंदीत नवा आकडा भरला. उघडून पाहतो, तर चक्क ‘४०४’, आणि खाली ‘इथे असे कोणतेही स्थळ नाही’. एक पाऊल पुढे आलो होतो, कारण आता नाव सापडत होते आणि घरापर्यंत पोहोचतही होतो. पण ते घर म्हणजे चाळ होती. एकाच आकड्यावर शेकडो स्थळे राहतात. १९९७ पासून अशी रीतच पडली आहे की, येणाऱ्याने दारात नाव सांगायचे, ‘अमक्यांकडे आलोय’. चाळीच्या रखवालदाराला आमचे नावच माहीत नव्हते. स्वतःचे नाव घेणाऱ्यांची सर्वाधिक फसगत होते ती इथे. नावाच्या नोंदीत घराचा पत्ता लिहावा लागतो, तसेच घराच्या दारावरही नावाची पाटी लावावी लागते. दोन्हीकडे. एकीकडे करून माणूस दुसरीकडे विसरतो. आम्ही नव्या जागेच्या व्यवस्थेत आमचे नाव नोंदवले आणि ती पाटी गेली.

मग लाल त्रिकोण आला : ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. हिच्याकडे मात्र दुर्लक्ष करून पुढे जायचे नसते, विशेषतः बँकेच्या बाबतीत. ही पाटी म्हणते की, घर सापडले, पण घरातला माणूस जो असल्याचे सांगतो तोच आहे याचा दाखला जुळत नाही. आम्ही नवे घर घेतले, पण नव्या घरासाठी दाखलाच काढला नव्हता. तिथे चाळीचा सर्वसाधारण दाखला लटकत होता, त्यावर आमचे नाव नव्हते. पूर्वी या दाखल्याला दरवर्षी पैसे पडत. २०१५ च्या डिसेंबरपासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ नावाची एक सेवाभावी व्यवस्था तो फुकट देते. मुदत थोड्या दिवसांची असते, पण नूतनीकरण आपोआप होते. बटण दाबले, काही मिनिटे थांबलो, कुलूप लागले.

तिसरी पाटी वाचून तर मी मोठ्याने हसलो : ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’. आमच्या नावाची दोन रूपे होती, एक साधे आणि एक मागे ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू’ लावलेले. नाव जिथे घेतले तिथली व्यवस्था म्हणे, लांब नावाकडे जा. नवे घर म्हणे, छोट्या नावाकडे जा. बिचारा मोबाइल तहसीलदार कचेरी ते तलाठी सजा अशा खेपा घालून शेवटी दमला आणि त्याने हात टेकले. ज्यांनी वारस नोंदीसाठी अशा खेपा घातल्या आहेत त्यांना ही पाटी कुणी समजावून सांगायला नको! एका टोकाचा हुकूम रद्द केला. विषय संपला.

आणि सहाव्या दिवशी, सप्तमीच्या रात्री, आमचे संकेतस्थळ उघडले. मी धावत बाबांच्या पानावर गेलो. मजकूर होता. ‘दासगाव बंदर, मागची रांग, डावीकडून तिसरे.’ त्याच्या वर, फोटोच्या जागी, फाटलेल्या कागदाचे एक इवलेसे चित्र.

खरे सांगतो, त्या क्षणी मी पाटी वाचायचे विसरलो. उशीर झाला होता, तरी पोलादपूरला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, ‘‘सर, फोटोवर बोट धरून ठेवा. वेगळा उघडा. काय आकडा येतो?’’

‘‘४०४.’’

‘‘पाचशे नाही ना? मग बरं.’’

हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. खानावळीत आपण काहीतरी मागतो. वाढपी म्हणतो, ‘हा पदार्थ आमच्या यादीत नाही’, ती चाराची पाटी. आपल्या मागण्यात काहीतरी चुकले आहे. ‘आत गॅस संपलाय’ म्हणतो, ती पाचाची. चूक आतल्यांची, आपण कितीही वेळा मागा, उपयोग नाही. ४०३ म्हणजे पदार्थ आहे, पण तुम्हांला द्यायची परवानगी नाही. ५०२ म्हणजे वाढप्याला आतून धड उत्तर मिळत नाही. ५०३ म्हणजे आत्ता पंगत भरली आहे, जरा वेळाने या. आकडा एवढेच सांगतो की, आता कुणाकडे पाहायचे : स्वतःकडे की आत?

आम्ही मागत होतो तेच चुकत होते. जुन्या जागेतले यंत्र मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरे एकच मानणारे होते. नवे यंत्र कडक शिस्तीचे. फाइलच्या शेवटची तीन अक्षरे स्कॅनरने मोठ्या लिपीत लिहिली होती, पानावर आम्ही ती लहान लिपीत मागत होतो. ऱ्हस्व-दीर्घाची चूक! जन्मभर मुलांच्या वह्यांत जिच्याखाली मी तांबड्या शाईने रेघ मारली, तीच चूक माझ्या बाबतीत आडवी आली होती. शिष्येने ती सुधारली. जवळजवळ चारशे फोटोंची नावे तिने रात्री जागून दुरुस्त केली आणि त्याचे पैसे विचारले तेव्हा म्हणाली, ‘‘सर, त्यात आमच्या आज्जीचा पण आहे.’’

या आठवड्यातून मी शिकलो ते दोन ओळींत मावते. बिघाड झाला की आधी पाटी पूर्ण वाचावी, शक्य तर कागदावर उतरून घ्यावी आणि नाव, पत्ता, दारावरची पाटी, दाखला, वस्तू या क्रमाने एकेक पायरी तपासावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आणि बिघाड होण्याआधी घरातल्या कुणालाही सापडेल अशा वहीत लिहून ठेवावे : नाव कुणाच्या खात्यावर आहे, मुदत कधी संपते, सूचना कुठल्या फोनवर आणि ई-मेलवर येतात, भाडे कुठे भरतो, आणि प्रत कुठे आहे, ती शेवटची उघडून कधी पाहिली. आम्ही आता ती वही केली आहे. नाव मंडळाच्या खात्यावर घेतले, सूचना तिघांना येतात, प्रती दोन ठिकाणी आहेत, एक महाडला आणि एक घाटाच्या वर, जिथे सावित्री उगम पावते पण पुराचे पाणी पोहोचत नाही. दर गुढीपाडव्याला दोन्ही उघडून पाहायच्या, असा ठरावही केला आहे. इमारत बांधताना पायऱ्यांची आणि पुलांची तपासणी कुणी आनंदाने करत नाही. पण ती न केल्याची किंमत काय असते, हे आमच्या तालुक्याने इतरांपेक्षा अधिक पाहिले आहे.

अष्टमीला दुपारी दीडच्या सुमारास डोंबिवलीहून फोन आला. मागे भांड्यांचा आवाज, कावळ्याला हाका.

‘‘गुरुजी,’’ काकू म्हणाल्या, ‘‘दिसले.’’

थोडे थांबून पुन्हा म्हणाल्या, ‘‘ह्या वेळी जरा मोठे दिसले.’’

खरे तर फोटो तेवढाच होता. पण मी ते त्यांना सांगितले नाही.